डॉक्टरांना माहीत असणार

दुपारी अडीचच्या सुमाराला, संगक नानच्या रांगेत माझ्यापुढे चार माणसं असताना जमीन हलली. आधी पायाखालून एक बारीक कुरकुर गेली, भट्टीतले गरम खडे एकमेकांवर घासले, आणि मी सवयीने मोजायला लागलो. एक, दोन, तीन. तिनाला खरा धक्का आला, आडवा, कुणी खांद्याला धरून बाजूला सारावं तसा. काचा खडखडल्या, भिंतीवरची तसबीर तिरकी झाली, आणि संपलं. कुरकुरीपासून धक्क्यापर्यंत तीन सेकंद म्हणजे पंचवीस किलोमीटर लांब, थोडं इकडे तिकडे. मोठा नाही, चारच्या आसपास. माझ्यामागच्या बाईंच्या तोंडातून 'या अली' अजून पुरतं बाहेर पडलं नव्हतं, तोवर मला एवढं सगळं कळलेलं होतं. बत्तीस वर्षं मी हेच करत आलो आहे. जमीन कुठे हलली, किती खोल हलली, केवढ्याने हलली ते सांगतो, आणि लोकांना नेमकं त्यातलं काहीही नको असतं.

त्यांना जे हवं असतं ते भट्टीवाल्या मोर्तेजाने लगेच विचारलं. लांब दांड्याचं फावडं तसंच हातात धरून तो फळीवरून वाकला. "डॉक्टर, तुम्ही पुढे या हो, रांग राहू दे. तीळ जास्त घालून देतो. पण खरं सांगा, आज परत येणार का?"

"माहीत नाही, मोर्तेजा."

"घ्या! तुम्हाला नाही तर काय मला माहीत असणार? मी पिठातला माणूस."

"त्यांना सांगायची परवानगी नसते," मागच्या बाई म्हणाल्या, डोक्यावरची चादर नीट करत. "वरून मनाई असते. माझा भाचा सांगत होता."

"अहो बाई, कुठलीही मनाई नाही. खरंच माहीत नसतं."

"बघा," त्या रांगेला म्हणाल्या, "असंच बोलतात."

रांग हसली. मीही हसलो, कारण तोंडावर दार आपटणं आपल्याला जमत नाही. मला टीव्हीवर दोन मिनिटं दाखवलं होतं त्याला आता सहा वर्षं झाली, पण गल्ली ते विसरायला तयार नाही. त्या दोन मिनिटांतही मी हेच सांगितलं होतं, की पुढचा कधी येईल ते जगात कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने मला डाळिंबं फुकट दिली, आणि कानाशी येऊन विचारलं, 'काल बोलता आलं नाही ते मला सांगा.' आम्हाला माहीत नाही, ही एवढीच एक बातमी आमच्याकडे आहे आणि तिला गिऱ्हाईक नाही. पृथ्वीच्या पोटाचा रस्ता सहा हजार किलोमीटरहून जास्त, आणि माणसाने त्यात पाडलेलं सगळ्यात खोल भोक बारा किलोमीटरचं. कलिंगडाच्या सालीवर नखाचा ओरखडा काढायचा आणि आत बिया किती ते सांगायचं, असला माझा धंदा आहे. पण हे सगळं भट्टीसमोर कुठे सांगणार. मी दोन नान घेतले, त्यांना चिकटलेले खडे झटकले, आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

परस्तू होती. माझी मुलगी. तिचा आवाज मुद्दाम शांत ठेवलेला होता, म्हणजे ती फार घाबरली होती. "बाबा, आमचं झुंबर अजून हलतंय. रादिन उठलासुद्धा नाही. सगळी बिल्डिंग खाली चाललीये. मी काय करू? त्याला घेऊन खाली जाऊ, का वरच थांबू?"

रादिन एकोणीस दिवसांचा. सात आठवडे आधी आलेला. नऊ दिवस दवाखान्याच्या काचेच्या पेटीत होता, आणि घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बोट उगारून सांगितलं होतं, की थंडी नको आणि धूर नको, याच्या फुप्फुसांना एवढीही चूक परवडायची नाही. आणि बाहेर बहमन महिन्यातला, ऐन हिवाळ्यातला तेहरान. डोंगर दिसेनासा होऊन पाच दिवस झालेले, हवा तपकिरी, शाळा धुरामुळे बंद. दुसरीकडे परस्तूचं घर सल्सबीलच्या जुन्या भागात, तिसऱ्या मजल्यावर. लोखंडी तुळया, तुळयांच्या मध्ये विटांच्या कमानी, वर माती आणि डांबर. असली छपरं कशी पडतात यावर माझे दोन निबंध आहेत. सियामक, माझा जावई, दक्षिणेला गॅसच्या कारखान्यात पंधरा दिवसांच्या पाळीवर. म्हणजे ठरवायचं तिने आणि मी.

"बाबा? ऐकताय ना?"

"मी येतो."

"येतो काय, आत्ता काय करू ते सांगा ना."

"येतो म्हटलं ना. दाराजवळच्या भिंतीशी बस. मी आल्यावर बोलू." आणि मी फोन बंद केला. पोटच्या पोरीने एक सरळ प्रश्न विचारला आणि मी तो टाळून चक्क फोन बंद केला. कारण फोनवर मी या प्रश्नाचं उत्तर देत नाही. एकदा दिलं होतं.

गाडी घरी होती, पण घरी गेलो असतो तर ताहेरेने सोबत येण्याचा हट्ट धरला असता, आणि तिचे दोन्ही गुडघे नवीन, तीन जिने तिला चढवत नाहीत. म्हणून चौकात उभा राहून टॅक्सीला हात करत राहिलो. अर्धं शहर गाड्या काढून रस्त्यावर आलं होतं, जमीन हलली की गाडी हलवायची असा आमचा काहीतरी हिशोब आहे. शेवटी एक पांढरी प्राईड गाडी थांबली. बसतो न बसतो तोच ताहेरेचा फोन. "कियूमर्स, मी मशिदीतल्या हाजी आगांकडून इस्तखारा काढून घेतला, कुराण उघडून कौल."

"कशाबद्दल?"

"ते सांगायचं नसतं, मनात धरायचं असतं. पोरीने बाळाला बाहेर न्यावं का, हे मनात धरलं. मध्यम आलं."

"मध्यम म्हणजे?"

"म्हणजे करूच नये असं नाही, आणि करावंच असंही नाही."

"हे तर मीसुद्धा सांगितलं असतं."

"तू कधी सांगतोस!" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम उतरला. "परत विचारावं म्हटलं, तर एकाच गोष्टीला दोनदा विचारता येत नाही म्हणाले. दानधर्म करा आणि उद्या बघू म्हणाले. उद्याचं काय करायचंय मला? कियूमर्स, तू जा आणि काहीतरी एक सांग. काहीही सांग, पण एक सांग. पोरगी वेडी होईल."

एकतीस वर्षांच्या संसारात ताहेरेने माझ्याकडे फार थोडं मागितलं आहे. एक सांग, एवढंच. फोन खिशात ठेवला तर ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. चाळिशीचा, दाढीची खुंटं वाढलेला, मागच्या सीटवर उशी आणि तीन कांबळी रचलेली. म्हणजे हाही रात्रीच्या तयारीत. "हाजी, तुमचंही घर जुनं आहे वाटतं?"

"मुलीचं."

"माझी बायको म्हणते गाडीतच झोपू. मी म्हणतो, किती दिवस? मागल्या खेपेला तीन रात्री झोपलो, पोरांना खोकला झाला, भूकंप आलाच नाही. आता चौथ्या रात्री आला असता तर मला काय माहीत?" त्याने हॉर्न दाबला. "त्यांना सगळं माहीत असतं हो. तिथे वर बसलेत ना, यंत्रं घेऊन. सांगत नाहीत. गर्दी होईल म्हणून सांगत नाहीत."

"त्यांना माहीत नसतं," मी म्हटलं.

"तुम्ही काय काम करता?"

"शिक्षक आहे."

"मग बरोबर," तो म्हणाला, "शिक्षकाला कोण सांगणार." आणि पुढचा अर्धा तास तो मला प्रेमाने समजावत राहिला, की कुत्र्यांना आधी कळतं, विहिरीच्या पाण्याला आधी कळतं, त्याच्या आजीच्या सांध्यांनाही आधी कळायचं. मी मान हलवत होतो. मला त्याचा राग येत नव्हता, हेवा वाटत होता. त्याच्या जगात कुणाला तरी माहीत होतं. कुत्र्याला, आजीला, वर बसलेल्या साहेबाला. वर बसलेला साहेब त्याच्याच गाडीत, मांडीवर गार होत चाललेले नान घेऊन बसला होता.

आमचं गाव वाळवंटाच्या कडेचं, खजुरांचं. बाप जमिनीखालचे पाण्याचे बोगदे खणायचा. खाली उतरताना ते सगळे पांढरे कपडे घालत. वर नाहीच आलो तर कफन अंगावरच आहे, म्हणत हसायचे. कधीकधी बाप सकाळी विहिरीच्या तोंडाशी जायचा, दोरीला हात लावायचा, आणि 'आज नाही' म्हणून परत यायचा. कुणी त्याला का विचारत नसे. मालकसुद्धा नाही. जमिनीच्या पोटातलं मी शिकून वर आणीन, म्हणून मला शाळेत घालण्याचा हट्ट धरला तो फरंगीसने. माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. स्वतः पाचवीनंतर गालिच्याच्या मागावर बसली आणि मला पुस्तकं घेऊन दिली. मी तेहरानला पोचलो, भूकंपशास्त्राचा डॉक्टर झालो, आणि ती गावात प्रत्येकाला सांगत सुटली, की माझा भाऊ जमिनीच्या आतलं वाचतो. मी तिला कधी टोकलं नाही. बरं वाटायचं. हे मला आता कबूल करायलाच हवं, की मला ते बरं वाटायचं.

मग एका हिवाळ्यात, एका संध्याकाळपासून गावाला धक्के बसत होते. लहान. लोक अंगणात, गल्लीत बसलेले, शेकोट्या केलेल्या. वाळवंटातली थंडी हाडात शिरते. फरंगीसचा नवरा यदुल्ला मनाने फार मोठा माणूस, त्याच्याकडे त्या दिवशी पाहुणे होते, म्हातारे आईवडील होते, तीन मुलं होती. त्याने मला फोन लावला. "डॉक्टर, सगळी गल्ली माझ्याभोवती उभी आहे. तुमच्या तोंडातून ऐकायचंय सगळ्यांना. आत झोपायचं का बाहेर?"

"यदुल्ला खान, मला माहीत नाही."

तो मोठ्याने हसला. "तुम्हाला माहीत नाही? वा! हा तुमचा मोठेपणा झाला."

"मोठेपणा नाही, खरंच सांगतो. कुणालाच माहीत नसतं."

"मग काय तर! फळांनी लगडलेली फांदी वाकलेलीच असते. तुमची सावली आमच्यावरून कमी न होवो, डॉक्टर."

आता आपल्याकडे चालतं कसं? पाहुण्यापुढे चहा ठेवला तर तो तीनदा नको म्हणतो आणि मग घेतो. टॅक्सीवाला पैसे घेताना 'राहू द्या, तुमच्यावरून ओवाळून टाकले' म्हणतो, आणि आपण ते खरं धरलं तर मागे धावत येतो. इथे नाही म्हणजे हो असतं, आणि कुठलं नाही खरं ते ओळखण्यात माणसाचं सगळं शहाणपण खर्च होतं. मी दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता ताणलं तर बरं दिसणार नाही. चार लोकांत बहिणीच्या नवऱ्याला खोटं पाडल्यासारखं होईल. माझ्या तोंडून बाहेर पडलं, "तुमचीच कृपा, यदुल्ला खान. सगळ्यांना सलाम सांगा." आणि फोन ठेवला. ठेवताना माझ्या चेहऱ्यावर हसू होतं, हेसुद्धा मला आठवतं. पहाटे साडेपाचला गाव गेलं.

ते सगळे आत का झोपले, हे मला कळलं ते फरंगीसच्या चाळिसाव्या दिवशी. पडलेल्या गल्लीत, तंबूपुढे, उस्मत खानम म्हणून शेजारची म्हातारी माझ्यापुढे हलव्याची ताटली घेऊन आली. ती वाचली होती, कारण कंबर धरल्यामुळे त्या रात्री तिला शेकोटीपासून उठताच आलं नव्हतं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नकोस रे, पोरा. यदुल्लाने आम्हाला सगळं सांगितलं होतं. म्हणाला, डॉक्टरांना विचारलं, ते उगीच माहीत नाही म्हणतात, पण आवाजावरून कळतंय, काही असतं तर बहिणीला सांगितल्याशिवाय राहिले असते का? मग सगळे आत गेले. पाहुणे आधी जाईनात, यदुल्ला म्हणाला तुम्ही आधी, ते म्हणाले तुम्ही आधी. तुझा काय दोष? तुला तरी कुठे माहीत होतं." तिच्या आवाजात एवढाही आरोप नव्हता. तिने मला क्षमाच केली होती, आणि माझ्या गुन्ह्याचं इतकं चोख वर्णन मी त्यानंतर कुठेही ऐकलेलं नाही. तीस एक घरांची गल्ली होती ती. मी खरं बोललो होतो आणि ती गल्ली माझ्या शब्दावर आत जाऊन झोपली.

त्यानंतर मी लिहिलं खूप. परिषदांना गेलो, आलेख काढले. मोठ्या धक्क्याआधी लहान येतात, पण लहानांनंतर मोठा फार क्वचित येतो, शंभरात एखाददा, फार तर दोनदा. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देतो. एक मुलगी एकदा म्हणाली, 'सर, म्हणजे नव्व्याण्णवदा आत झोपलेले बरोबर ठरणार.' मी म्हटलं, 'हो.' आणि तास अर्ध्यावर सोडून बाहेर येऊन उभा राहिलो. पोरांना वाटलं, माझी तब्येत बिघडली.

टॅक्सी सल्सबीलपाशी आली तोवर चार वाजून गेले होते. ऑफिसमधून निरोप आला होता: चार पूर्णांक एक, खोली नऊ किलोमीटर, पूर्वेच्या पायथ्याला. माझा रांगेतला अंदाज बरोबर होता. त्याचा काही उपयोग नव्हता. पण प्रवासभर मी हिशोब करत आलो होतो आणि मला एक वाट सापडली होती. शंभरात एक ही भीती एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सात आठवडे आधी जन्मलेलं मूल, शून्याखाली जाणारी संध्याकाळ, आणि शाळा बंद करायला लावणारा धूर. इथे आकडे साफ होते. बाळाने आतच राहायला हवं. आणि 'मला माहीत नाही' हे शब्द माझ्या तोंडून गेले की त्यांचं काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं. म्हणून ठरवलं, की आज खोटं बोलायचं. ताहेरेने मागितलं तसं एक सांगायचं, भरलेल्या आवाजात, जाणत्या माणसाच्या थाटात. आज काही येणार नाही, मला माहीत आहे, झोप. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी हे वाक्य म्हणणार होतो, आणि टॅक्सीच्या मागच्या सीटवर मी ते ओठांतल्या ओठांत तीन-चारदा घोकलं.

बिल्डिंगखाली गल्लीत माणसं होती. दुसऱ्या मजल्यावरचे मोहतशम आगा, शाळेतून निवृत्त झालेले, गादीची गुंडाळी भिंतीला टेकवून छोट्या गॅसवर किटली ठेवून बसले होते. बायको, सून, दोन नातवंडं, वरच्या मजल्यावरची एक जोडी. मला बघून ते चटकन उठले, छातीवर हात ठेवला. "डॉक्टर! या, या. तुमचं पाऊल आमच्या डोळ्यांवर. आता आमची चिंता मिटली. चहा घ्या." मी हात जोडल्यासारखं करून, उशीर झाला म्हणत जिना चढलो. मागून त्यांचा आवाज आला, "जाऊ द्या, जाऊ द्या, आधी मुलीला भेटू द्या."

दार उघडंच होतं. परस्तू सांगितलं तिथेच, भिंतीशी बसलेली, बाळ छातीशी, दोघांवर मिळून एक रजई. इतकी लहान दिसत होती ती. मी उंबऱ्यावरच उभा राहिलो, बूट न काढता.

"आलात," ती म्हणाली. "दीड तास झाला, बाबा."

"ट्रॅफिक." मी घसा साफ केला. "ऐक. आज काही येणार नाही. मला माहीत आहे. त्याला घेऊन आतच झोप."

तिने माझ्याकडे बघितलं. मग बाळाला एका हातावर घेऊन ती उठली आणि दुसऱ्या हाताने पिशवीत दुपटी भरायला लागली. लंगोट, टोपी, दुधाची बाटली. बाटली खाली पडली.

"काय करतेस?"

"खाली जाते. तुम्ही जन्मात कधी 'मला माहीत आहे' म्हटलेलं नाही. मी लहान असताना उद्या पाऊस पडेल का विचारलं तरी म्हणायचात, सांगता येत नाही, बाळा. आज म्हणालात." तिचा आवाज फुटला. "म्हणजे येणार आहे. इतकं वाईट आहे का, की तुम्हाला खोटं बोलायला लागावं?"

बत्तीस वर्षांच्या विद्येने बांधलेलं एक वाक्य, आणि ते या पोरीने कागदाच्या पुडीसारखं उलगडून आत काही नाही म्हणून दाखवलं. ती टोपी बांधत होती त्याला. मी चौकटीला धरलं. "परस्तू, थांब. थांब गं. मला माहीत नाही. येईल का नाही, मला माहीत नाही. शंभरातून एकदा येतो, तो आजचा आहे का, ते मला माहीत नाही आणि कुणालाही नाही. तुझी फरंगीस आत्या गेली तेव्हाही मला माहीत नव्हतं. मी ते नीट सांगितलं नाही."

ती थांबली. आत्याचं नाव माझ्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. टोपीची नाडी बोटात तशीच होती. मी पुढचं सगळं सांगून टाकलं. फोन, यदुल्लाचं हसणं, मी पाठवलेला सलाम. बाळाने एकदा तोंड वेडंवाकडं केलं आणि परत झोपलं.

"हे मला दुपारी फोनवर सांगायचं होतंत," ती शेवटी म्हणाली. रागाने नाही, दमून. मग तिने टोपी काढून ठेवली. "थंडीचं मला माहीत आहे. नऊ दिवस मी त्या काचेला नाक लावून बसत होते. जरा दार उघडं राहिलं की याची नखं निळी व्हायची. भूकंपाचं तुम्हालाही माहीत नाही. मग जे मला माहीत आहे, त्यावर चालते मी. आम्ही आत राहतो. चपला घालून, दाराशी."

माझ्या सगळ्या आकड्यांनी हेच सांगितलं होतं. आणि तिने ते म्हणताक्षणी माझ्या अंगातला बाप ओरडायला लागला, की नको, खाली चल, हे छप्पर मला ठाऊक आहे, या विटा कशा सुटतात मला ठाऊक आहे, बाळाला माझ्या कोटात गुंडाळ आणि चल. ते मी बोललो नाही. कसं बोललो नाही ते मला सांगता येणार नाही. मी वाकलो, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि आत गेलो.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गादी भिंतीला घासत वर येत असल्याचा आवाज, नातवंडांची किलबिल, किटलीच्या झाकणाचा खळखळाट. मी मोज्यांवरच परत दारात आलो. जिन्याच्या खालच्या वळणावर मोहतशम आगा पुढे, मागे सगळी मंडळी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"डॉक्टर, सुनेने जिन्यातून बघितलं, तुम्ही बूट काढलेत. अल्हम्दुलिल्ला! तुम्ही तुमच्या नातवाजवळ निवांत बसताय म्हटल्यावर आम्ही कशाला गारठायचं? चला रे, आत चला."

"मोहतशम आगा, मी माझ्या मुलीसाठी आत आलोय. मला काही माहीत नाही."

"हो हो," ते डोळे मिचकावत म्हणाले. "आम्ही कुणाला सांगणार नाही."

"खरंच माहीत नाही मला."

"काय हा विनय! लोकहो, बघा, विद्या म्हणतात ती अशी." त्यांनी छातीवर हात ठेवला, मान झुकवली. "तुमच्या पायाची धूळ आहोत आम्ही, डॉक्टर."

आता माझी पाळी होती. वाकायचं, हसायचं, तुमचीच कृपा म्हणायचं. माझी मान अर्धी वाकलीसुद्धा.

"मूर्ख आहात का तुम्ही?" मी ओरडलो. जिनाभर आवाज घुमला. "कळत नाही? माहीत नाही म्हणजे माहीत नाही! मी तुमचा कोण? माझ्या तोंडाकडे बघून पोरांना छपराखाली झोपवता? उद्या मेलात तर मला दुवा द्यायला येणार आहात? निघा. नाहीतर आत झोपायचं तर स्वतःच्या अकलेवर झोपा, माझं नाव घेऊन नाही!"

धाकट्या नातवाने आजीची चादर धरली. मोहतशम आगांचा चेहरा पांढरा पडला होता. त्रेचाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, सुनेसमोर त्याला असं कुणी बोललं नसेल. "आम्ही तुम्हाला मान दिला," ते हळू म्हणाले. "आम्हाला वाटलं, तुम्ही खानदानी आहात." मग त्यांनी गादी फिरवली, आणि एकेक पायरी करत सगळे परत खाली गेले. वरची जोडीसुद्धा. जाताना त्या बाईने माझ्याकडे असं बघितलं, की मला मान खाली घालावी लागली.

खाली थंडी होती आणि धूर होता, आणि त्यात एक सहा वर्षांचं पोर होतं, आणि बहुतेक काहीच होणार नव्हतं. आत माझ्या ओरडण्याने रादिन जागा झाला होता आणि त्या लहानशा छातीने जमेल तेवढं रडत होता.

"बाबा," परस्तू म्हणाली, "दार लावा. वारा आत येतोय."

मी दार लावलं.